बर्ड काही तळघरात लपून बसला नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डवर अर्धं पान आलेलं बघून आधी खरंच आनंद झाला, कारण चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश चर्च म्युझिकवर मराठी पेपरात कुणी काही लिहील ही आशा मी कधीच सोडून दिली होती. पण दुसऱ्या कॉलमपर्यंत पोचलो आणि मूडच गेला. लेखातला बर्ड म्हणजे सिनेमातला हिरो, दिवसा राणीच्या चॅपलमध्ये गाणार, रात्री तळघरात मेणबत्ती लावून कॅथलिक मिस्सा, म्हणजे तेव्हा बंदी असलेल्या कॅथलिक उपासनेचं संगीत, लिहिणार, आणि बिचाऱ्या प्रोटेस्टंट एलिझाबेथ राणीला शेवटपर्यंत कशाचा पत्ता नाही. गोष्ट म्हणून झकास आहे हो. फक्त तसं झालेलं नाही.

राणीला सगळं माहीत होतं. राणीलाच कशाला, बर्ड जिथे जिथे राहिला तिथल्या चर्चवाल्यांना, कोर्टातल्या कारकुनांना, सगळ्यांनाच माहीत होतं. त्याची बायको ज्युलियन प्रोटेस्टंट चर्चला जात नाही म्हणून १५७७ पासून सरकारी कागदांत तिचं नाव येतं, तेव्हा ते हार्लिंग्टनला राहायचे, आणि नंतर खुद्द बर्डचंही यायला लागलं. रविवारी चर्चला गैरहजर राहणं तेव्हा गुन्हा होता आणि १५८१ च्या कायद्यानं त्याचा दंड महिन्याला २० पौंड केला. चॅपल रॉयलच्या, म्हणजे राणीच्या त्या चॅपलच्या, गायकाला वर्षाला पगार मिळायचा ३० पौंड. म्हणजे कायदा काटेकोर लावला असता तर माणूस दोन महिन्यांत साफ झाला असता. बर्ड झाला नाही, कारण १५९२ मध्ये त्याच्यावरची कारवाई थांबली ती राणीच्याच आज्ञेवरून. आता याला लपणं म्हणायचं का? माझ्या मते हे झाकलेलं नव्हतंच, सगळ्यांनी मिळून केलेली डोळेझाक होती, आणि ती लपण्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची भानगड आहे.

थोडं मागे जातो. १५६३ मध्ये बर्ड लिंकन कॅथीड्रलचा ऑर्गनिस्ट झाला, विशीतच होता. तिथेही १५६९ मध्ये वरिष्ठांनी त्याचा पगार रोखला होता, म्हणजे साहेबांशी खटके उडणं हे जुनंच. १५७२ ला चॅपल रॉयलमध्ये आला. १५७५ मध्ये राणीनं त्याला आणि त्याच्या वयोवृद्ध जोडीदाराला, थॉमस टॅलिसला, २१ वर्षांसाठी संगीत छापायची मक्तेदारी दिली, आणि त्यात नुसती पुस्तकं नाहीत, स्वरलिपी लिहायच्या रेघा मारलेला कागदसुद्धा. कोऱ्या कागदावर मक्ता! त्या वर्षी दोघांनी मिळून ३४ लॅटिन रचनांचं पुस्तक काढलं, प्रत्येकी १७, राणीच्या कारकिर्दीचं सतरावं वर्ष म्हणून. पुस्तक आपटलं. दोन वर्षांनी दोघांचा अर्ज राणीकडे, की निदान २०० मार्कांना (मार्क म्हणजे तेव्हाचं पैशाचं एक माप) बुडालो, काहीतरी करा. राणीनं जमिनीचं उत्पन्न लावून दिलं. छुपा बंडखोर अशी पत्रं लिहितो का, तुम्हीच सांगा.

याचा अर्थ धोका नव्हता असं मी म्हणत नाहीये. धोका होता, पण तो सगळ्यांना सारखा नव्हता आणि लेखात नेमकी हीच गोष्ट सुटलीय. १ डिसेंबर १५८१ ला एडमंड कॅम्पियन या जेझुइट, म्हणजे कॅथलिक, फादरला लंडनमध्ये फासावर दिलं. त्याच्यावर एक कविता पसरली, ती छापणाऱ्या माणसाला कान कापायची शिक्षा झाली आणि तो तुरुंगातच मेला. त्याच कवितेला बर्डनं चाल लावली आणि १५८८ च्या आपल्या इंग्लिश गाण्यांच्या पुस्तकात राजरोस छापली, फक्त पहिलं कडवं तेवढं ठेवलं आणि पुढची बदलून निरुपद्रवी केली. ओळखणाऱ्यांनी पहिल्या ओळीवरून ओळखलं असणार. बर्डचे कान जागेवर राहिले. याला धाडस म्हणा, हुशारी म्हणा, ओळखीचा फायदा म्हणा, मला तिन्ही थोडं थोडं वाटतं.

आता त्या मिस्सा. तीन आहेत, चार आवाजांची, तीन आवाजांची आणि पाच आवाजांची, याच क्रमानं छापल्या, साधारण १५९२ ते १५९५. लेखात म्हटलंय की त्या 'निनावी' छापल्या. अहो, उलट आहे! मुखपृष्ठ नाही, साल नाही, छापणाऱ्याचं नाव नाही हे खरं, पण पानांच्या वर बर्डचं नाव ठसठशीत छापलंय. म्हणजे छापखानेवाल्याला वाचवलं आणि स्वतःचं नाव पुढे केलं. साल कसं कळलं ते तर आणखी मजेशीर आहे. तेव्हा ओळीच्या सुरुवातीचं मोठं नक्षीदार अक्षर लाकडी ठशानं छापायचे आणि तेच ठसे वर्षानुवर्षं वापरायचे, त्यामुळे ठसा झिजत जायचा, चिरा पडायच्या. अभ्यासकांनी थॉमस ईस्टच्या छापखान्याची तारखा असलेली पुस्तकं शेजारी ठेवून त्या चिरा जुळवल्या आणि सालं काढली. छापणाऱ्यानं नाव लपवलं पण ठशानं चुगली केली.

आणि या चोपड्या पातळ होत्या, प्रत्येक आवाजाची वेगळी, गाणाऱ्याच्या हातात फक्त स्वतःची ओळ, बाकीचे काय गातायत ते कानानंच पकडायचं. हे मुद्दाम सांगतोय कारण त्यातच या संगीताची किल्ली आहे. हे कॅथीड्रलच्या मोठ्या कॉयरसाठी लिहिलेलं नाही. एसेक्समध्ये इंगेटस्टोनला पीटर नावाचं श्रीमंत कॅथलिक घराणं होतं, बर्ड त्यांच्या जवळच स्टॉन्डन मॅसी या गावी नव्वदच्या दशकात राहायला गेला, आणि अशा घरांतून, दार लावून, जे चारपाच गाणारे असतील त्यांनी गायचं हे संगीत. म्हणून ते आटोपशीर आहे. एक शब्द उगाच घोळवलेला नाही.

चार आवाजांच्या मिस्सेतला शेवटचा भाग, आग्नुस देई, एकदा हेडफोन लावून ऐका. तीच प्रार्थना तीन वेळा येते. पहिल्यांदा फक्त वरचे दोन आवाज. दुसऱ्यांदा तीन. तिसऱ्यांदा चारही. खोलीत एकेक माणूस येऊन उभा राहतोय असं वाटतं. मग शेवटचे शब्द, दोना नोबिस पाचेम, आम्हाला शांती दे. आता शांती मागायची तर कोणीही गोड, सपाट सूर लावले असते. बर्ड काय करतो, एक आवाज आपला स्वर धरून ठेवतो, खालचे आवाज सरकतात, त्यामुळे तो धरलेला स्वर बाकीच्यांना टोचायला लागतो, मग तो एक पायरी खाली उतरतो आणि हुश्श वाटेपर्यंत दुसऱ्याच आवाजानं तसाच स्वर अडवून धरलेला असतो, असं एकामागून एक चालूच. शांती मागतायत आणि मिळत नाहीये. अगदी शेवटच्या मुक्कामाला येऊन सूर मेजरमध्ये, म्हणजे उजळ स्वरमेळात, उघडतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लॅटिनचा एक शब्द येत नव्हता, बर्ड कॅथलिक की प्रोटेस्टंट हेही माहीत नव्हतं, पण हे मागणारे लोक अडचणीत आहेत एवढं कळलं. ते कळायला तळघराची गोष्ट लागत नाही.

बर्डच्या आवे वेरुम कोर्पुस या लॅटिन रचनेबद्दल लेखात 'मधुर आणि शांत' एवढंच आहे. मधुर आहे, पण पहिल्या दोनच शब्दांत काय होतं ते बघा. 'आवे'वर वरचा आवाज एफ शार्पवर (साध्या एफपेक्षा अर्धा स्वर वर) जातो आणि लगेच 'वेरुम'वर खाली बेस साधा एफ गातो. कानाला हलकासा झटका बसतो. वेरुम म्हणजे खरं, खरोखरचं. भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर आहे की नुसतं प्रतीक, यावरून त्या काळात लोक जिवाला मुकत होते आणि या माणसानं नेमका त्या शब्दाखालचा स्वर हलवला. योगायोग असेल असं मला वाटत नाही, तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे.

ही रचना ग्राडुआलिया या संग्रहातली, दोन भाग, १६०५ आणि १६०७, मिळून १०९ रचना. चर्चच्या वर्षभराच्या सणांना लागेल ते सगळं त्यात आहे. त्याच्या प्रस्तावनेत बर्ड म्हणतो की पवित्र शब्दांवर मन लावून विचार करत बसलं की योग्य स्वर कसे कोण जाणे आपोआप सुचतात. १६०५ हे साल मात्र वाईट निघालं, नोव्हेंबरमध्ये पार्लमेंट उडवायचा कट उघडकीला आला आणि कॅथलिकांवर संशयाचं रान उठलं. शार्ल द लिनी नावाच्या फ्रेंच माणसाकडे ही बर्डची पुस्तकं सापडली म्हणून त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. वाचलंत ना, पुस्तक ज्याच्याकडे सापडलं तो आत गेला. ज्यानं लिहिलं तो एसेक्समध्ये आपल्या घरी.

आणि याच माणसानं प्रोटेस्टंट चर्चसाठी, म्हणजे ज्या चर्चला गैरहजर राहिला म्हणून त्याच्यावर केसेस होत होत्या त्याच चर्चसाठी, ग्रेट सर्व्हिस, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनांचं संगीत, लिहिली, दहा आवाजांची, इंग्लिशमध्ये, जीव ओतून. ती १९२२ साली डरहॅम कॅथीड्रलमध्ये जुन्या वह्यांत सापडली, तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पुरवणीत तिचा उल्लेखही नाही, साहजिक आहे, बंडखोराच्या गोष्टीत ती बसत नाही ना. पाट्या टाकायच्या म्हणून लिहिलेलं संगीत असं नसतं.

एक गोष्ट मला स्वतःला पचायला जड गेली, तीही सांगतो. स्टॉन्डनला बर्ड ज्या वाड्यात राहायचा तो मुळात शेली नावाच्या कॅथलिक माणसाचा, कटात सामील असल्याच्या आरोपावरून सरकारनं जप्त केलेला. बर्डनं तो भाडेपट्ट्यानं घेतला. पुढे शेलीच्या विधवेनं घर परत मागितलं आणि बर्ड तिच्याशी जवळपास पंधरा वर्षं कोर्टात भांडला. धर्मापायी सगळं गेलेली कॅथलिक बाई एका बाजूला आणि कॅथलिकांसाठी ते आग्नुस देई लिहिणारा दुसऱ्या बाजूला, आणि त्यानं काही माघार घेतली नाही. शेवटी ती वारल्यावर त्यानं घर विकतच घेतलं. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस त्याची रेकॉर्डिंग्ज लावली नाहीत. मग लावली. काय करणार.

जाता जाता, लेखासोबत जे चित्र छापलंय, टोकदार दाढीवालं, ते तो गेल्यावर शंभरेक वर्षांनी अठराव्या शतकात कुणीतरी कल्पनेनं काढलेलं आहे. तो कसा दिसायचा याचा पुरावा नाही. त्याची कबरही कुठेय ते कळत नाही, बायकोच्या शेजारी स्टॉन्डनला पुरा असं मृत्युपत्रात लिहिलं होतं एवढंच. त्याच मृत्युपत्रात कॅथलिक म्हणून जगायचं आणि मरायचं आहे हेही स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलंय. ४ जुलै १६२३ ला गेला, आणि चॅपल रॉयलच्या, म्हणजे प्रोटेस्टंट राजाच्या चॅपलच्या, नोंदवहीत कारकुनानं त्याच्या नावापुढे लिहिलं 'संगीताचा पिता'. तिथे बाकीच्यांच्या नोंदी रुक्ष असतात, कोण गेला आणि त्याच्या जागी कोण आला.

पत्र फार लांबलंय याची कल्पना आहे, तुम्ही कापणार हेही माहीत आहे. टॅलिस आणि रेघांचा कागद खुशाल उडवा, लिंकनही उडवा. शेलीबाईंचा परिच्छेद मात्र ठेवा.

आपला,
पुरवणी आधी उघडणारा एक जुना वाचक