वारा सुटला तर बोटीवर काय करायचं

ब्रॉन्स्टन, नॉर्दम्प्टनशायर, इंग्लंड
२२ जून

ती. दादा आणि वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाली हे वाचून बरं वाटलं. १२ ते २४ जुलै मी इथे नाही, तेव्हा कालव्यावरची माझी बोट तुमच्या हवाली. या दिवसांत इथे उन्हाळा असतो म्हणायचं, पण दोन दिवस उकाडा, तिसऱ्या दिवशी गडगडाट आणि मधेच एखादं नाव दिलेलं वादळ, असा प्रकार आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये एलन आणि फ्रान्सिस अशी दोन वादळं आठवड्याच्या आत आली होती. म्हणून हे लांबलचक पत्र. तुमचं वाचून झालं की पेडण्याहून सावंतवाडीला जाशील तेव्हा आईलाही वाचून दाखव. तिची धास्ती कमी होईल, नाहीतर वाढेल.

दादा, तू तेरेखोलच्या खाडीत होडी चालवलेली आहेस, म्हणून आधीच सांगते: ते सगळं बाजूला ठेव. तिथे वादळ म्हणजे लाटा, ओहोटीची ओढ, खाडीच्या तोंडाशी फुटणारं पाणी. इथे कालव्याला भरती नाही, लाट नाही, पाणी जेमतेम कमरेएवढं. बोट सत्तावन्न फूट लांब, सहा फूट दहा इंच रुंद, पोलादी, सपाट तळाची, वजन पंधरा-सोळा टन. उलंडी (होडीच्या बाजूचा तरंगता आधार) नाही आणि लागतही नाही. इथला धोका पाण्यातून येत नाही. तो काठावरच्या झाडातून, सुटलेल्या दोरातून आणि तुंबलेल्या भोकातून येतो.

झाडाचं पहिलं सांगते, कारण बोट कुठे बांधली यावरच अर्धं काम होतं. थंडीतल्या वादळापेक्षा उन्हाळ्यातल्या वादळात फांद्या जास्त पडतात, कारण पानांनी भरलेलं झाड म्हणजे उभं शीडच. कालव्याच्या काठी विलो भरपूर, आणि त्याची फांदी काडीसारखी मोडते. अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, ती वाळून ठिसूळ झालीत. आपण माडाखाली गाडी लावत नाही, तसंच इथे विलो आणि वाळक्या अ‍ॅशखाली बोट बांधायची नाही, सावली कितीही गोड असली तरी. उंच भरावावरचा कालवा उघडा असतो, तिथे वारा थेट लागतो. खणून काढलेल्या खोलगट भागात वारा कमी, पण झाडं डोक्यावर. कमी उंचीचं कुंपण आणि त्यापलीकडे शेत असलेली जागा मला सगळ्यात बरी वाटते. मी बोट तशाच जागी सोडून जाणार आहे. तिथे चौदा दिवस थांबता येतं, म्हणजे हलवायची घाई नाही.

आता दोर. पुढे एक, मागे एक, दोन्ही बोटीपासून लांब, साधारण पंचेचाळीस अंशात जाणारे. शिवाय दोन आडवे दोर: पुढच्या टोकापासून मागे येणारा आणि मागच्या टोकापासून पुढे जाणारा. त्यांना स्प्रिंग म्हणतात. हे नसले तर शेजारून बोट गेली की आपली बोट पुढे-मागे धावते आणि प्रत्येक हिसक्याला खुंट सैल होतो. खुंट म्हणजे लोखंडी मेख. ती सरळ उभी ठोकायची नाही, डोकं बोटीच्या विरुद्ध बाजूला कलवून ठोकायची आणि दोर जमिनीलगत बांधायचा. पावसाने काठ भिजला की हीच मेख लोण्यातून निघावी तशी निघते. अशा वेळी दोन मेखा एकमेकींना फुली मारल्यासारख्या ठोक आणि दोर दोघींना धर. काठाला पत्र्याचा पन्हळी कठडा असेल तर मेखा सोड, त्याच्या मागे अडकवायचे लोखंडी हूक पेटीत आहेत, ते उपटत नाहीत. मेखांवर पिवळा टेनिस बॉल बसवलेला आहे तो काढू नकोस, अंधारात सायकलवाले अडखळतात. जोराचा पाऊस थांबला की प्रत्येक वेळी चारही मेखा पायाने हलवून बघायच्या.

छताच्या मधोमध आणखी एक दोर आहे. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या फाटकांच्या कप्प्यात, बोट धरायला तो उत्तम, पण रात्री तो घट्ट बांधून झोपायचं नाही. त्याची ओढ वरून असते, बोट कलते. आणि पाण्याची पातळी खाली गेली तर? ती जाते. दोन लॉकमधल्या टप्प्यात कुणी फाटकाची झडप उघडी ठेवून गेला की रात्रीत पाणी उतरतं. आपल्या खाजनातली मानस (बांधातली लाकडी झडप) भरती-ओहोटीवर आपोआप उघडते-मिटते, इथे सगळं माणसाच्या हातावर. पाणी उतरलं आणि दोर ताठ असले तर बोट काठाला टांगली जाते, तिची एक कड वर आणि दुसऱ्या बाजूची, पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली. लांब आणि कलते दोर हे चढउतार पेलतात, म्हणूनच ते तसे बांधायचे. सकाळी बोट कललेली दिसली तर आधी दोर सैल कर, चहा मग.

छतावर माझी सायकल, बांबूसारखी लांब काठी, फळी, हूकची काठी आणि तुळशीची कुंडी आहे. हवामान खात्याचा पिवळा इशारा आला की कुंडी आणि सायकल खाली, काठ्या नि फळी दोरीने घट्ट. सौर पॅनल तिरकी उभी केलेली असतील तर ती आडवी कर. उभं पॅनल पंख्याच्या पात्यासारखं वारा पकडतं आणि बिजागरीसकट उखडतं. मागच्या टोकावरचा कापडी तंबू उतरवून गुंडाळायचा. पुढचं कापड तसंच ठेव, पण सगळ्या चेन आणि बटणं लावून. एक चेन उघडी राहिली की वारा तिथूनच आत शिरून कापड फाडतो. हे सगळं वारा सुटायच्या आधी. वाऱ्यात किंवा ओल्या छतावर चढायचं नाही, आणि बाजूची जी अरुंद कड आहे तिच्यावरून तर मुळीच चालायचं नाही. ती जेमतेम चार इंचांची आहे.

यानंतरचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या दाराबाहेर जो खोलगट चौक आहे, त्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना पाणी बाहेर जायची भोकं आहेत. पावसाबरोबर पानं येतात आणि भोकांवर बसतात. मग चौकात तळं साचतं आणि उंबऱ्यावरून आत, थेट लाकडी फरशीखाली. पिण्याच्या पाण्याची टाकीही त्याच टोकाला आहे. ती काठोकाठ भरली की वजनाने नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली बसते आणि भोकं पाण्याच्या पातळीजवळ येतात. म्हणून वादळाच्या आदल्या दिवशी टाकी तुडुंब भरू नकोस. खिडक्यांच्या चौकटीला खाली बारीक छिद्रं आहेत, तीही शेवाळाने बुजतात आणि खिडकी गळते असं वाटतं. खिडकी गळत नसते, छिद्र बुजलेलं असतं. तारेने टोचून मोकळी कर. मागे इंजिनवरच्या फळ्यांभोवती पन्हळ आहे, तिच्यातली पानं काढ, नाहीतर पाणी इंजिनखाली उतरतं. तिथे पंप आहे, पाणी चढलं की तरंगणारा खटका त्याला चालू करतो. रोज एकदा खटका हाताने उचलून पंपाचा आवाज ऐकायचा. तळाशी तेलाचा तवंग दिसला तर आधी शोषकागदाने टिपून घे, तेल कालव्यात जाता कामा नये.

वहिनी, तुमच्यासाठी एक. छतावरच्या गोल पितळी झाकणांतून आणि दारांच्या खालच्या फटींतून वारा शिरेल, कधी थेंबही येतील. तिथे फडकं कोंबायचं नाही. गॅस आणि स्टोव्हमुळे आत कार्बन मोनॉक्साइड साठू नये म्हणून ती वाट ठेवलेली असते. भिंतीवरचा अलार्म आठवड्यातून एकदा बटण दाबून तपासा. आणि फोडणीच्या धुराने तो वाजेल असं समजू नका, तो वाजला तर गॅस बंद करून, दारं उघडून दोघांनी बाहेर पडायचं.

विजांचं फार मनावर घेऊ नका. पोलादी बोट म्हणजे पिंजरा, वीज पडलीच तर बाहेरच्या बाहेर पाण्यात जाते. आत बसा, कठड्याला हात लावू नका, अँटेनाचा दांडा आधीच खाली घ्या. झाडाखाली किंवा लॉकच्या लोखंडाशी उभं राहू नका.

वारा असताना बोट हलवू नकोस. बोट पाण्यात जेमतेम दोन फूट बुडालेली, बाकी सगळी उंच भिंत. झोत ताशी पंचवीस-तीस मैलांचे असले की नाळ वारा म्हणेल तिकडे जाते, सुकाणू ऐकत नाही. निघावंच लागलं आणि वाऱ्याने काठाला चिकटवलं असेल तर नाळ ढकलत बसू नकोस. मागचं टोक काठीने बाहेर ढकल आणि रिव्हर्समध्ये मधोमध ये, मग पुढे. नद्यांत तर जाऊच नकोस. नदीवरच्या लॉकपाशी पातळीची रंगीत पट्टी असते, पाणी लाल भागात असलं की बोटी थांबतात. आणि उन्हाळ्यातला पाऊस किरकोळ समजू नये. १ ऑगस्ट २०१९ ला डर्बीशायरमधल्या व्हेली ब्रिजला अतिवृष्टीत टॉडब्रुक धरणाचा सांडवा खचला, सुमारे दीड हजार माणसं घराबाहेर काढावी लागली. ते धरण कालव्याला पाणी पुरवायलाच बांधलेलं आहे.

वादळानंतर पाण्यात फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या, कधी दोरसुद्धा असतो, आणि ते बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला गुंडाळतं. इंजिनचा आवाज जड झाला, मागून पाणी उसळतंय पण बोट सरकत नाही, तर इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मग मागची वीड हॅचची पेटी (पंख्यापर्यंत हात पोचायची झाकणाची जागा) उघडून हात घाल. बाजूला करवतीच्या दातांची सुरी ठेवलीय. झाकण परत बसवताना पट्टी पूर्ण आवळ आणि मगच इंजिन लाव. ते सैल राहिलं तर पंख्याचं पाणी आत उसळतं आणि पाहता पाहता इंजिनखोली भरते. बोटी खरोखर बुडतात त्या अशा.

ढगाळ दिवसांत सौर पॅनल फारसं देत नाही. बॅटरीचा आकडा १२.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नकोस, दीड-दोन तास इंजिन चालव. मात्र रात्री आठ ते सकाळी आठ नाही, तो नियम आहे.

येताना कोकम आणि सोलं आणा, बाकी सगळं आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. छिद्रं मोकळी करायची तार चमच्यांच्या खणात, डाव्या कोपऱ्यात आहे. किल्लीला बुचाचा मोठा गोळा अडकवलाय, तो काढू नकोस. पाण्यात पडली तर तरंगते.