काल शेवटी काय दळलं होतं?

मा. संपादक,
स. न.

पंधरा दिवस पुण्याला मुलीकडे राहून आले. नात पाच वर्षांची, सिनियर केजीत. शाळेतून 'आपले मदतनीस' नावाचा प्रकल्प आला होता. मुलीनं ऑफिसातून येताना स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणला आणि नात झोपल्यावर, रात्री साडेदहाला, एकेक चित्र कापून चिकटवलं. कुंभार, लोहार, सुतार, पोस्टमन, पोलीस. दुसऱ्या दिवशी वहीवर स्टार मिळाला. तो कुणाला, हे मी विचारलं नाही. नातीला नावं घडाघडा पाठ, पण तिनं जन्मात लोहार पाहिलेला नाही. आणि जिन्यावरून रोज ओला-सुका कचरा उतरवणाऱ्या ताई, दिवसातून दोनदा पार्सल घेऊन येणारा मुलगा, हे त्या तक्त्यात नव्हतेच.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात ३१ वर्षं अंगणवाडी सेविका होते. तिथला एक प्रसंग सांगते, म्हणजे माझं म्हणणं कळेल.

एका वर्षी अठरा पोरं घेऊन मी गावातल्या पिठाच्या गिरणीत गेले. जाताना बरोबर काही नेलं नाही, फक्त प्रत्येकानं घरून एकेक मूठ धान्य आणलेलं. गिरणवाले अण्णा आधी कुरकुरले, पट्ट्यात कुणाचा हात गेला तर म्हणून. ते बरोबरच होतं. मग गिरण बंद ठेवून ते बोलायला बसले. एका पोरीनं विचारलं, "आई म्हणते, गव्हावरच गहू टाकायला सांग. ज्वारीवर टाकलं तर काय होतं?" अण्णांनी सांगितलं, आधीच्या दळणाचं थोडं पीठ आत राहतं, ते पुढच्यात उतरतं आणि चपाती नीट होत नाही. लगेच दुसरी म्हणाली, "मग आजीची उपासाची भगर?" अण्णा म्हणाले, "ती सकाळी पहिली दळतो." यावर एक पोरगा, ज्याला दहाच्या पुढं आकडे येत नव्हते, तो म्हणाला, "पण काल शेवटी काय दळलं होतं?"

अण्णा हसले. उठून त्यांनी गिरण उघडली, दोन पाळूंमधलं पीठ ब्रशनं कसं झाडतात ते दाखवलं. पोरांनी बाहेर रांगेत ठेवलेले डबे एकेक उघडून पाहिले आणि गहू एकीकडे, ज्वारी-बाजरी एकीकडे असे लावले. कुणीही सांगितलं नव्हतं. ज्यांचे डबे होते त्या बायका मात्र माझ्यावर तापल्या, कारण त्यांचे नंबर गेले.

पुढं आठवडाभर अंगणवाडीत वाळूची गिरण चालली. नंबरावरून भांडणं. "म्हातारीला आधी घ्या, तिला उभं राहवत नाही," असं एकजण म्हणाला, तर दुसरी म्हणाली, "मग माझी आई खुरपायला कधी जाणार?" निकाल लागला नाही. मीही लावला नाही. वर्गीकरण, क्रम, कार्यकारण हे शब्द आम्हाला प्रशिक्षणात दिवसभर फळ्यावर लिहून दिले होते. मला ते कळले त्या गिरणीत.

पाणी सोडणाऱ्या दादांकडेही एकदा गेलो होतो. टाकी वर असून वरच्या आळीला पाणी कमी का, हा प्रश्न पोरांचाच. त्याचं उत्तर ऐकायला मोठी माणसंही थांबली होती.

यात माझं नवं काही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, खडे घेतले. 'अंगणवाडी' हे नाव तिथलं. पुढं २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी योजनेतून ते देशभर गेलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तर तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाच मानला आहे. मग पायाभरणी दुकानातल्या तक्त्यावर का?

अडचणी मला माहीत आहेत. सेविका एक, मदतनीस एक, आणि ती आहार शिजवण्यात गुंतलेली. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या रस्त्यानं अठरा पोरं नेणं जोखमीचं. म्हणून मी दोन आयांना बरोबर घ्यायचे, आणि तेही महिन्यातून एकदाच. शहरातल्या शाळांनी इमारतीबाहेर जाऊ नये वाटत असेल तर आपल्याच शिपाईमामांना, व्हॅनच्या काकांना वर्गात बसवावं आणि पोरांना विचारू द्यावं. प्रश्न मात्र आधी बाईंनी लिहून देऊ नयेत. पाठ केलेले प्रश्न लगेच ओळखू येतात.

संबंधितांना विनंती एवढीच की महिन्यातली अशी एक फेरी आणि त्या दिवशी पोरांनी विचारलेला एखादा प्रश्न, हे सेविकेचं काम म्हणून धरलं जावं. त्यासाठी वेगळं रजिस्टर मात्र काढू नये. आहेत ती भरतानाच हात दुखतात.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. कोरेगाव, जि. सातारा