वाइल्डकॅट कॅम्प: शनिवारी निघण्याआधी

मंडळी, पॉइंट रेयसला (कॅलिफोर्नियातला राखीव समुद्रकिनारा) गाडी पालोमारिनलाच, म्हणजे पायवाट सुरू होते तिथेच राहील. तिथून कॅम्पपर्यंत साडेपाच मैल पाठीवर ओझं घेऊन चालायचं आहे. म्हणून कूलर, घडीच्या खुर्च्या घरीच ठेवा. परमिटची प्रत डॅशबोर्डवर दिसेल अशी ठेवा.

खाणं, टूथपेस्टसुद्धा, कॅम्पवरच्या लोखंडी पेटीत ठेवून कडी लावा. मागच्या खेपेला रॅकून या निशाचर प्राण्याने सॅकची चेन उघडून चिवडा फस्त केला, लसूण तेवढी वगळून! कॅम्पवर लाकडं पेटवायला मनाई आहे, चहा गॅसवर. धुक्याने तंबू आतूनही ओला होतो, स्लीपिंग बॅग भिंतीला टेकवू नका.

अलामेर धबधब्याला किनाऱ्याने फक्त ओहोटीतच जायचं. भरतीला कड्याखाली वाळू उरत नाही. कुत्री आणू नका.