नवा ट्रान्झिस्टर बसवला, पण बायस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचा हंगाम सुरू झाला की तासगाव, पलूस, वाळवा या पट्ट्यातल्या ट्रॅक्टरांवरचे आणि टेम्पोंमधले ॲम्प्लिफायर सांगली-मिरजेत दुरुस्तीला येऊ लागतात. धूळ, खड्ड्यांचे हादरे आणि रात्रभर चढवलेला आवाज. तपासलं तर बहुतेकांत स्पीकरला ताकद देणारा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट निघतो. तो एक काढायचा, दुसरा लावायचा, गाणं वाजलं की पैसे घ्यायचे, अशी पद्धत पडली आहे. पंधरा दिवसांत तोच ॲम्प्लिफायर परत येतो आणि दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो. डुप्लिकेट माल बाजारात आहेच. पण बायस न तपासता दिलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये अस्सल मालही टिकत नाही.

आउटपुटला ट्रान्झिस्टरांची जोडी असते. एक लाटेची वरची बाजू ओढतो, दुसरा खालची. गाणं बंद असतानाही दोघांतून थोडा प्रवाह चालू ठेवावा लागतो, तो बायस. कमी पडला तर लाट शून्य ओलांडते तिथे खाच पडते. ओळखायची खूण सोपी आहे: बारीक आवाजात गाणं घोगरं, मोठ्या आवाजात साफ. जास्त झाला तर गाणं नसतानाही हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, तापतं. ट्रान्झिस्टर तापला की दर अंश सेल्सिअसला त्याच्या बेस आणि एमिटर या दोन पायांमधल्या व्होल्टेजची गरज सुमारे २ मिलिव्होल्टने घटते, त्यामुळे प्रवाह वाढतो, त्याने तो आणखी तापतो आणि शेवटी शॉर्ट होतो. हे आवरायला बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटवलेला असतो. दुरुस्तीत तो सुटला आणि तसाच लोंबकळत राहिला, तर नवी जोडी पहिल्या उन्हाळ्यातच जाणार.

एक शॉर्ट निघाला तरी त्या चॅनेलचे सगळे आउटपुट एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच लॉटचे घालावेत. उरलेल्यांनी तोच झटका खाल्लेला असतो. सोबत ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे आधीचे ट्रान्झिस्टर), बेसचे रेझिस्टन्स आणि ०.१ किंवा ०.२२ ओहमचे एमिटर रेझिस्टन्स एकेक मोजावेत. एक जरी उघडा, म्हणजे आतून तुटलेला, असला तरी सगळा भार बाकीच्यांवर येतो. टीआयपी ३५सी-३६सी च्या जागी २एससी ५२०० आणि २एसए १९४३ ‘मोठा नंबर’ म्हणून घालणं बरोबर नाही. पहिली जोडी १०० व्होल्ट, २५ अँपिअरची आणि संथ. दुसरी २३० व्होल्ट, १५ अँपिअरची आणि कितीतरी वेगवान. त्या बोर्डाची रचना वेगवान ट्रान्झिस्टरसाठी नसेल तर ऑसिलेशन सुरू होतं, म्हणजे बोर्ड आपोआप कंपनं काढू लागतो, आणि सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर उकळतात.

आउटपुट शॉर्ट झाला की बऱ्याचदा बॅटरीचं व्होल्टेज वाढवणाऱ्या सप्लायचे मॉस्फेटही (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) जातात. ते काढल्यावर नवे लावायची घाई नको. सप्लाय चालवणारी आयसी टीएल ४९४ असेल तर १४ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट आहेत का पाहावं, मग तिथून मॉस्फेटच्या गेटला जाणारी ड्राइव्ह तपासावी. गेटचे रेझिस्टन्सही जळालेले असतात.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. नवे आउटपुट लावायच्या आधी, जुने काढलेले असताना, दोन्ही बाजूंच्या बेसच्या जागांमधलं व्होल्टेज मोजावं. प्रीसेट, म्हणजे बायस कमी-जास्त करायचा फिरवता रेझिस्टन्स, फिरवल्यावर ते बहुतेक सर्किटमध्ये १ व्होल्टच्या खाली यायला हवं. ते २ व्होल्टच्या वर अडकून राहिलं किंवा प्रीसेट फिरवूनही हललं नाही, तर बायस ट्रान्झिस्टर किंवा प्रीसेट खराब आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या गाड्यांतल्या बोर्डांवर ही शंका आधी घ्यावी, कारण झाकण नसलेल्या प्रीसेटची पट्टी गंजते आणि संपर्क सुटतो. हा प्रीसेट बायस ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर (तिसरा पाय) आणि बेसमध्ये असला आणि त्याचा संपर्क तुटला, तर आउटपुट पूर्ण चालू होतात आणि नवा सेट क्षणात जातो. प्रीसेटची किंमत आउटपुटच्या एका जोडीपुढे काहीच नाही. झाकलेला, बंद प्रकारचा नवा बसवावा.

ट्रान्झिस्टर वीज अडवणाऱ्या नव्या अभ्रकावर, दोन्ही बाजूंना उष्णता वाहून नेणारी पेस्ट पातळ लावून, घट्ट आवळावेत. कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात मीटरने बीप द्यायला नको. बायस ट्रान्झिस्टरही जागेवर चिकटलेला असावा. प्रीसेट सर्वांत कमी बायसवर ठेवावा. बॅटरीच्या तारेत हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालूनच नव्या आउटपुटसह पहिल्यांदा चालू करावं. बल्ब लखलखला आणि तसाच राहिला तर लगेच बंद करावं, शॉर्ट अजून आहे.

स्पीकर काढलेला, इनपुट शॉर्ट केलेलं. आधी स्पीकरच्या दोन टोकांमधला डीसी, म्हणजे सिग्नल नसतानाचं स्थिर व्होल्टेज, पाहावा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. त्याआधी बायसला हात लावू नये. मग बल्ब काढून जागी फ्यूज घालावा आणि मीटर क्लिपने एमिटर रेझिस्टन्सवर लावावा. हातात धरलेली प्रोब घसरली की नवी जोडी गेलीच. कंपनीचा आकडा माहीत असेल तर तोच पाळावा. नसेल तर ०.२२ ओहमवर ४ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण २० मिलिअँपिअर, ही सुरक्षित मर्यादा आहे, ०.१ ओहमवर २ मिलिव्होल्ट. बंद डब्यात, डिकीत किंवा टपावर बसणाऱ्या यंत्राला घरच्या ॲम्प्लिफायरचे आकडे लावू नयेत. समांतर जोड्या असतील तर प्रत्येकीचं वाचन घ्यावं; एक शून्यावर आणि शेजारची दुप्पट असेल तर जोडी जुळलेली नाही. डबा बंद करून १५ मिनिटं ठेवावा आणि पुन्हा मोजावं. आकडा चढतच राहिला तर हीटसिंकवरचा संपर्क कुठेतरी कच्चा आहे, प्रीसेट खाली करून तो दोष झाकू नये.

या सगळ्याला एक-दीड तास जास्त लागतो, आणि त्याची मजुरी मागायला कारागिरांनी संकोच करू नये. आमची सूचना एवढीच, की दुरुस्तीच्या बिलावर तीन आकडे लिहिले जावेत: स्पीकरवरचा डीसी, एमिटर रेझिस्टन्सवरचे मिलिव्होल्ट आणि गाणं बंद असताना बॅटरीतून जाणारे अँपिअर. गिऱ्हाइकांनी ते मागून घ्यावेत. पुढच्या वेळी यंत्र दुसऱ्या दुकानात गेलं तरी तिथल्या कारागिराला कुठून सुरुवात करायची ते कळेल. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या मुलांनाही हे मोजमाप चालू बोर्डावर प्रत्यक्ष करायला मिळावं.

— वाहनांच्या ऑडिओ दुरुस्तीतले काही कारागीर, सांगली-मिरज