एस्परांतोतला अवघड ‘न’

महोदय,

एस्परांतो ही कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषा ‘आठवड्यात येते’ म्हणणाऱ्यांवर फार विसंबू नये. डॉ. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सात प्रसिद्ध केलेल्या या भाषेचे मूळ नियम १६, अक्षरे २८, हे खरे. नामाचा शेवट ‘ओ’, विशेषणाचा ‘आ’, आघात कायम उपान्त्य स्वरावर. अनियमित क्रियापद एकही नाही. अडते ते कर्म दाखवणाऱ्या ‘न’ या प्रत्ययापाशी; तो नामाला आणि त्याच्या विशेषणालाही लागतो. मराठी-कोंकणी बोलणारा तो नामाला लावतो, विशेषणाला विसरतो, कारण आपल्याकडे ‘ला’ एकदाच लागतो. म्हणून सुरुवातीपासूनच विशेषणासकट कर्माची वाक्ये लिहावीत. बहुतेक धातू युरोपीय आहेत. पोर्तुगीज कानावरून गेलेल्या गोमंतकीयाला ते ओळखीचे वाटतील, जपानी माणसाला नाही. एस्परांतोला सर्वांसाठी तटस्थ म्हणणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

– एक वाचक, फोंडा