भरदुपारच्या लग्नाला फरची स्पोरन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातल्या लग्नांच्या पेहरावावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. त्यात स्कॉटलंडच्या वाट्याला एवढेच आले, की किल्टचा, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या निऱ्यांच्या वस्त्राचा, सगळा संच भाड्याने मिळतो, काळजी नसावी. मी ग्लासगोत अशाच एका दुकानात मापे घेण्याचे काम करते. संच मिळतो हे खरे, पण त्यातले काय अंगावर चढवायचे आणि काय पिशवीतच राहू द्यायचे, हे पाहुण्याला सहसा कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात इकडे लग्ने आणि पदवीदान समारंभ एकदमच येतात, पुण्या-नाशिकहून आपली मंडळीही येतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी विचारायचे ते समारंभ किती वाजता आहे. दुपारचे लग्न असेल तर ट्वीडचे जॅकेट, साध्या चामड्याची स्पोरन (किल्टवर कमरेला पुढे लटकणारी छोटी पिशवी) आणि जाड विणीचे मोजे. चांदीची पट्टी असलेली फरची स्पोरन, चमकत्या बटणांचे प्रिन्स चार्ली जॅकेट आणि बो टाय हा रात्रीच्या मेजवानीचा थाट. फोटोत तो उठून दिसतो, म्हणून सरसकट सगळ्यांना तोच दिला जातो, आणि दुपारी एक वाजता चर्चच्या दारात अख्खी वऱ्हाडी मंडळी रात्रीच्या कपड्यांत उभी असते. मला ते बघवत नाही. एकाच जॅकेटवर दिवस आणि रात्र काढायची असेल तर आरगाइल नावाचे जॅकेट मागा. दुपारी साधा टाय, रात्री बो टाय, दोन्हींवर ते शोभते. टाय एकरंगी घ्या. किल्टच्याच टार्टनचा, म्हणजे चौकड्यांच्या कापडाचा, टाय डोळ्यांना फार होतो. घरून आणलेला सुटाचा कोट मात्र किल्टवर नको. तो लांब असतो, स्पोरनवर येतो आणि मागच्या निऱ्या दाबून टाकतो.

या निऱ्यांवरच तर किल्टची सगळी शान आहे. चांगल्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागते. नऊवारीत निऱ्या पुढे खोचतात, इथे त्या मागे शिवलेल्या असतात आणि पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. वरच्या पदराच्या उजव्या कडेला, खालच्या कोपऱ्याजवळ, किल्ट पिन लावतात. ती फक्त वरच्या पदराला टोचायची. वारा येईल या भीतीने पुष्कळ जण दोन्ही पदर एकत्र टोचतात. मग खुर्चीवर बसताना कापडाला ताण बसतो आणि परत आलेल्या किल्टला पिनेच्या जागी चीर दिसते.

पदर जागेवर ठेवायला स्पोरनचे वजनही उपयोगी पडते. किल्टला खिसे नसतात, म्हणून पाकीट आणि किल्ल्या तिच्यातच. कमरपट्ट्याच्या बक्कलखाली साधारण चार बोटे सोडून ती लटकली पाहिजे. त्याहून खाली गेली की चालताना प्रत्येक पावलाला आपटते. साखळीची कडी पुढे-मागे सरकवून उंची जुळवता येते, दुकानातच जुळवून घ्या. रात्री केली, म्हणजे इथला पारंपरिक समूहनाच, सुरू झाला की इथली माणसे ती सरळ कमरेच्या बाजूला फिरवतात, तुम्हीही फिरवा. कोणी आजोबांची जुनी, सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याची स्पोरन प्रेमाने देऊ केली तर ती घेऊन विमानात बसण्याआधी नियम नक्की बघा. सीलच्या वस्तूंच्या व्यापारावर युरोपीय संघाने २००९ मध्ये, मोजके अपवाद ठेवून, बंदी घातली आहे.

आत वास्कट असेल तर रुंद कमरपट्टा नको. मोजे गुडघ्याखाली तीन-चार बोटांवर दुमडायचे आणि त्याखाली रंगीत फ्लॅशेसची, म्हणजे मोज्यांच्या पट्ट्याला लावलेल्या फितींची, टोके बाहेरच्या बाजूला डोकावली की पुरे. पांढऱ्याशुभ्र मोज्यांपेक्षा राखाडी किंवा गडद हिरवे मला केव्हाही बरे वाटतात.

मोज्यात खोचायच्या छोट्या सुरीबद्दल, म्हणजे स्कीन डूबद्दल, पालक हमखास विचारतात. स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी अशी धारदार वस्तू बाळगणे गुन्हा आहे. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती जवळ असणे १९९५ च्या कायद्यात ग्राह्य धरले आहे. म्हणून ती पोशाखासोबतच असावी, जीन्सच्या खिशात नाही. विमानात हातातल्या सामानात ती चालणार नाही. भाड्याच्या संचात बहुधा नुसती मूठ असते, पाते नसते, आणि पाहुण्याला तेवढी पुरेशी आहे.

आता आपल्या घरच्या लग्नांविषयी. मुलगी मराठी, नवरा मुलगा स्कॉटिश, आणि एकाच दिवशी दोन्ही विधी, अशी लग्ने इथे होतात. मुंडावळ्या आणि किल्ट एकत्र सुरेख दिसतात, फेटाही शोभतो. पण फ्लाय प्लेड, म्हणजे टार्टनचा शेला, डाव्या खांद्यावर ब्रोचने अडकवतात आणि आपले उपरणेही त्याच खांद्यावर येते. विधींच्या वेळी उपरणे ठेवा, प्लेड स्वागत समारंभाला लावा. होमाला बसताना चामड्याची स्पोरन आणि मोज्यातली सुरी काढून करवल्याच्या हाती द्यावी. पाटावर मांडी घालून किल्टमध्ये नीट बसता येत नाही, नवऱ्या मुलाला बुटका चौरंग द्या; गुरुजींना आधी सांगितले तर ते हरकत घेत नाहीत. आणि गिली ब्रोग्ज या बुटांना जीभ नसते, त्यांच्या लांब नाड्या घोट्यावर गुंडाळून बांधतात. ते काढायला आणि पुन्हा बांधायला बराच वेळ जातो, मुहूर्ताच्या हिशेबात तो धरा.

आपली,
एक मराठी वाचक, ग्लासगो