आत्रीच्या सिन्योरांना, कुंकळ्ळीच्या लेकीकडून

आदरणीय सिन्योरा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही जे केलंत ते माझ्या आजोळच्या लोकांना कळायला हवं.

आमच्याकडे इटलीतलं आत्री हे गाव माहीत असलंच तर एका माणसामुळे. रोदोल्फो आक्वाविवा. तुमच्या ड्यूकच्या घराण्यात १५५० साली जन्मलेला, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचा पाद्री होऊन गोव्यात आलेला, १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचलेला. १५८३ च्या जुलैत गोव्यातल्याच सासष्टीतल्या कुंकळ्ळीत चार जेझुइट सोबत्यांसह तो मारला गेला. कुंकळ्ळी माझ्या आईचं गाव. मी त्याच्यासाठीच आत्रीला आले होते, आणि खरं सांगते, मनात अढी घेऊनच आले होते.

तुम्ही म्हणालात, आधी गाव बघ, मग माणूस. म्हणून कॅथेड्रलपासून सुरुवात केलीत. काचेखालची रोमन काळातली फरशी दाखवून सांगितलंत की हे हात्रिया, म्हणजे रोमन काळातलं आत्री, सम्राट हेड्रियनचे पूर्वज इथलेच. मग भिंतीवरचं ते तेराव्या शतकातलं चित्र: शिकारीला निघालेले तीन उमराव आणि त्यांच्या वाटेत उभे राहिलेले तीन सांगाडे. रोदोल्फोच्या जन्माआधी तीनशे वर्षं ते तिथे होतं. ड्यूकच्या घरातलं पोर ते बघत वाढलं असेल, हे तुम्ही अगदी सहज बोलून गेलात आणि मी तिथेच थबकले. तोवर तो माझ्यासाठी फक्त एक पाद्री होता. त्याला बालपण असेल असं कधी मनातच आलं नव्हतं.

आंद्रेआ देलितियोने गाभाऱ्यात रंगवलेल्या मेरीच्या चरित्राजवळ आपण सगळ्यात जास्त वेळ काढला. पंधराव्या शतकातले आब्रुत्सोचे, म्हणजे तुमच्या प्रांताचे लोक, त्यांचे कपडे, त्यांचे डोंगर. मेरीचं माहेर जणू आत्रीतच. तुम्ही एकेक प्रसंग आपल्याच नात्यातल्या बाईबद्दल बोलावं तशा सांगत होतात. ऑगस्टमध्ये मेरीच्या सणाला उघडणारा पवित्र दरवाजा तेव्हा बंद होता. तरी तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून, कुठून कुठून माणसं येतात ते सांगितलंत.

आणि आठ डिसेंबरची पहाट! फाउन्यी, म्हणजे पेटत्या जुड्यांची मिरवणूक. सुक्या बोरूच्या माणसापेक्षा उंच जुड्या खांद्यावर, टोकं धडधडून पेटलेली, घंटा, बँड, गल्ल्यांतून धूर. हा अग्नी मुळात शेतकऱ्यांचा, जुन्या रोमन फाउन देवाचा, पुढे तो मेरीच्या सणाचा झाला, असं लोक मानतात हे तुम्हीच सांगितलंत. चर्चला जाणाऱ्या, रोज जपमाळ ओढणाऱ्या बाईने ते इतक्या आनंदाने सांगावं याचं मला फार कौतुक वाटलं.

त्यानंतर आपण ड्यूकच्या वाड्याच्या अंगणात बसलो, आणि तुम्ही विचारलंत, आता तुझ्या गावाचं सांग.

मी सांगितलं. पोर्तुगीजांनी पाडलेली देवळं. चर्चसाठी जागा बघायला आलेले पाद्री आणि पेटून उठलेलं गाव. नंतर बोलणी करायच्या निमित्ताने पोर्तुगीजांनी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेले सोळा गावकर, म्हणजे गावचे प्रमुख. एक नदीत उडी टाकून निसटला, बाकीचे मारले गेले. १८९३ मध्ये पोपनी रोदोल्फोला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्याची तसबीर लागली. आमच्या गावकरांचं स्मारक व्हायला मात्र कितीतरी काळ जावा लागला. तुम्ही मध्ये एकदाही “पण” म्हणाला नाहीत. पिशवीतून वही काढलीत आणि श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण हे नाव माझ्याकडून दोनदा वदवून घेऊन लिहिलंत. देवीला कुंकळ्ळी सोडून फातर्प्याला जावं लागलं हे ऐकल्यावर पहिला प्रश्न केलात तो असा: मग ती घरी येते का?

येते, सिन्योरा. दरवर्षी फाल्गुनात, छत्रोत्सवाला. बारा वांगडांच्या, म्हणजे गावातल्या बारा कुळांच्या बारा छत्र्या, गुलालाने लाल झालेला रस्ता, फातर्प्याहून कुंकळ्ळीपर्यंत लोटलेला गाव. त्या वांगडांतली कितीतरी घरं आज ख्रिस्ती आहेत, आणि तीही त्यात असतात.

माझी अढी तुम्ही काढलीत. रोदोल्फोबद्दल मला आता दुःख वाटतं, आणि त्यासाठी माझ्या गावकरांबद्दलचं दुःख कणभरही कमी करावं लागलं नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

आईला तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. ती म्हणते, त्यांना फाल्गुनात आपल्याकडेच उतरायला सांग. विमानाचं आधीच बघून ठेवा. उन्हासाठी टोपी आणा आणि पांढरे कपडे आणू नका, गुलाल निघत नाही.

तुमची,
कुंकळ्ळीची लेक